वहीच्या शेवटच्या पानावरचा डिस्क नंबर

आधीच सांगते — भूतखेत, अंगारे-धुपारे यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. खाली कमेंटमध्ये "महाकालाची कृपा" लिहिणार असाल तर खुशाल लिहा... मी मान डोलावणार नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. उज्जैनला टावर चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाई स्क्रू-ड्रायव्हर धरते म्हणून लोक डोकावून जायचे. एका दुपारी राम घाटावरचे भास्करकाका आपला कॉम्प्युटर घेऊन आले. काका तीर्थपुरोहित, यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांची नावं त्यांच्या वह्यांत. शिप्रेच्या पुरात त्या भिजल्या. त्यानंतर त्यांच्या मुलानं, विनूनं, हा कॉम्प्युटर घेतला आणि चार वर्षं खपून वाचता येईल ते सगळं टाइप केलं. वह्या मग शिप्रेत विसर्जित केल्या; शेवटची, काकांच्या वडिलांच्या हातची, तेवढी देवघरात ठेवली. आणि आदल्या वर्षी विनू अपघातात गेला.

"बेटा, हा चालूच नाही होऊन राहिला. विनूचं सगळं यातच आहे. संभालून कर, हो."

व्हायरस होता. डिस्कच्या ज्या छोट्याशा भागातल्या कोडमुळे कॉम्प्युटर सुरू होतो, तोच खराब झालेला. त्याच भागात डिस्कचा स्वतःचा आठ आकडी नंबरही असतो. नवा कोड घालायच्या आधी तो कागदावर उतरवून घ्यायचा, हा साधा नियम. पण मला माझ्या हुशारीचा भारी गर्व! तशाच दुसऱ्या डिस्कवरून अख्खा भाग उचलला आणि इथे घातला. कॉम्प्युटर सुरू झाला. विनूचा प्रोग्राम मात्र उघडेना. त्यानं कुलूप घातलं होतं आणि किल्ली होती तो जुना नंबर.

 खोटं मात्र बोलले नाही.

"काका, चूक माझी आहे. नंबर मी पुसला."

 काका म्हणाले, "वही भरली की शेवटच्या पानावर पुढच्या वहीची खूण लिहितात आमच्यात. हा कॉम्प्युटर म्हणजे पुढचीच वही. चल, पाहून घेऊ."

मला रागच आला. "ती वही तुमच्या वडिलांची. ते तर पुराच्याही आधी गेले ना?"

"हो. पण खूण तर लिहिलीच असेल ना त्यांनी."

दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गेले. शेवटचं पान वाळलेल्या गाळानं पुठ्ठ्याला चिकटलं होतं. काकांनी ओल्या फडक्यानं ते हळूहळू सोडवलं, गाळ पुसला. खाली त्यांच्या वडिलांच्या अक्षरात 'पुढील वही' आणि त्यापुढे आठ आकडे...

दुकानात येऊन तेच आकडे डिस्कवर घातले. विनूचं पहिलं पान उघडलं. काका पडद्यावर हात ठेवून रडले. मीही रडले, लपवत नाही.

विनूनंच लिहिले असतील म्हणता? मग गाळाखाली कसे? पूर आधी आला, कॉम्प्युटर नंतर. योगायोग म्हणता? आठच्या आठ आकड्यांचा?  काहीही असो, माझी चूक मी कुणाच्या कृपेखाली झाकणार नाही.

पुढे ती डिस्क थकली. नवीवर सगळं हलवायच्या आधी काकांनी तीच वही पुढे केली, पेन दिलं. "नवा नंबर तू लिही, बेटा."

त्यांच्या वडिलांच्या ओळीखाली मी लिहिला. हात जोडले नाहीत. अक्षर मात्र अगदी नीट काढलं.