कान्ह्याच्या कुरणातला धूर

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं, आज या वयातही येत नाही. पण त्या चैत्रातल्या सहा दिवसांत माझी जी तगमग झाली, तशी पुन्हा कधी झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, स्वतःचं विमान होतं. दोन माणसांचं, दुपंखी, कापडानं मढवलेलं. ते कान्हे गावच्या कुरणात एका पत्र्याच्या शेडमध्ये असायचं. आम्ही तुंगार्लीला राहायचो, दादाच्या मोटारीतून कान्ह्याला जायचो आणि तिथे तो मला उडायला शिकवायचा. हो, मला! लोक काय काय बोलायचे ते सोडा.

लायसन मिळायला माझे एकटीनं उडायचे तीन तास राहिले होते. शनिवारी मुंबईहून परीक्षक येणार होते आणि पुढच्या मंगळवारी माझं लग्न होतं. सासरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, लायसन हातात घेऊन आलीस तर खुशाल उडव, आमची ना नाही. पण लग्नानंतर शिकवणी चालायची नाही. म्हणजे शनिवार चुकला की सगळं संपलं.

आणि नेमका आदल्या शनिवारी वडगावच्या कचेरीतला शिपाई सायकल दामटत कागद घेऊन आला. पलीकडच्या डोंगरात लष्कराचा तोफांचा सराव आहे, पुढची सूचना मिळेपर्यंत या टापूवरून खाजगी विमान उडवायचं नाही. डोंगरावर लाल बावटा असेल तोवर आभाळ बंद, बावटा उतरला की खुलं.

"आभाळ काय यांच्या घरचं आहे का?" मी ओरडले. शिपाई बिचारा पाणीही न पिता गेला.

कुरणाची राखण कान्ह्याचे एक आबा करायचे. आम्ही उतरायच्या वेळी ते कडेला ओलं गवत पेटवायचे, म्हणजे वरून वारा कुठला आहे ते कळायचं. दादानं त्यांनाच सांगून ठेवलं, "आबा, बावटा उतरला की तसाच धूर करा. आम्ही तुंगार्लीच्या टेकडीवरून बघू आणि तडक निघू." आबा म्हणाले, "व्हय, तुमी निर्धास्त ऱ्हावा."

निर्धास्त! रविवारपासून मी दुर्बीण गळ्यात अडकवून टेकडी चढत होते, उतरत होते. घरात बस्त्याची लुगडी पसरलेली, आई हाका मारतेय, आणि मी आपली वर. खाली अख्खं मावळ आरशासारखं स्वच्छ. एक धुराची रेघ नाही! अशा हवेत दूरदूरचं दिसतं, तीन तास म्हणजे हातचा मळ. आणि मी जमिनीवर. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी मी जेवणाच्या ताटावरून उठले. दादा म्हणाला, "अगं, तू चालून चालून टेकडी झिजवशील." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

गुरुवारी दुपारी मला राहवेना. "चल, कान्ह्याला जाऊ. निदान तो बावटा तरी बघते एकदा," मी म्हटलं. दादानं निमूटपणे मोटार काढली.

बावटा होता तिथेच होता. मी पाय आपटत बांधावरून जाताना मात्र थबकले. खाचराखाचरांत राब रचून ठेवलेले, शेण, पालापाचोळा, वर माती. पण एकही भाजलेला नाही. मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजतात, आणि चैत्रात तर गावोगाव धूरच धूर असतो. मी पाच दिवस ते स्वच्छ आभाळ बघत होते आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आबांची बायको बांधावर बसली होती. मी विचारलं, "मावशी, राब का भाजला नाही अजून?"

"कसा भाजायचा? तुमचं आबा घरोघर हिंडून सांगून आलं, कुनी काडी लावायची न्हाई. सगळीकडंच धूर झाला तर ताईला आपला धूर कुटला ते कसं कळंल? आसपासच्या वाड्यांनी बी आइकलं."

आबा तिथेच उभे होते. मला कौतुक वाटावं म्हणून हसत होते.

मी घाटाकडे पाहिलं. ढग चढत होते, काळेकुट्ट. वळीव आला तर राब भिजून लगदा होणार, मग पेटता पेटणार नाही, आणि भाताचं रोपच हातचं जाणार. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, गप्प राहावं. उद्याचा एक दिवस. एवढे दिवस थांबले, आणखी एक थांबतील. एवढ्या लोकांनी राब पेटवले तर खोरं धुरानं भरेल, मग बावटा उतरला काय आणि न उतरला काय, मला उडता येणार नाही. हे मला आणि दादाला कळत होतं. आबांना कळत नव्हतं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचा भयंकर राग आला.

"पेटवा, आबा," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगा. आत्ताच्या आत्ता."

"आन् तुमचा धूर?"

"माझं मी बघते. पेटवा हो लवकर!"

तासाभरात खोरं पेटलं. बायका, पोरं, म्हातारी, सगळी धावत होती. डोळे चुरचुरायला लागले, कुरणाच्या पलीकडची झाडं दिसेनाशी झाली. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं. बावटा उतरला होता.

मी शेडपाशी गेले आणि विमानाच्या पंखाला टेकून ढसाढसा रडले. आबा लांब उभे होते. त्यांना तेव्हा उमगलं. हळूच म्हणाले, "ताई, आमी तुमचं आभाळ काळं केलं."

शुक्रवारी धूर तसाच तुंबून राहिला. संध्याकाळी वळीव कोसळला आणि कुरणाचा चिखल झाला. शनिवारी परीक्षक आले, चहा प्यायले, दादाशी शिकारीच्या गप्पा मारल्या आणि परतीच्या गाडीनं गेले. मंगळवारी माझं लग्न झालं.

मार्गशीर्षात आबा पुण्याला माझ्या सासरी आले. खांद्यावर नव्या आंबेमोहोराचं पोतं. म्हणाले, "घराघरांतलं मूठमूठ हाय. समद्यांनी धाडलंय." सासूबाईंनी लगेच भात लावला, वासानं घर भरून गेलं. मी दोन घास खाल्ले आणि मला रडू फुटलं.

सासूबाईंना वाटलं, मला माहेरची आठवण आली. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "जाशील गं, जाशील संक्रांतीला." मी मान हलवली, आणि पानातला भात संपवला.