उपरण्याखालचं रेशीम

कोऱ्या रेशमाचा वास आला की, लढाई संपली त्या साली कराडच्या बाजारात आलेला चिनी फेरीवाला मला आठवतो. बायकोला मी निळं रेशीम कबूल केलं होतं आणि त्याच्याकडे निळा तुकडा एकच उरला होता. गुरांच्या बाजारात करतात तसं मी उपरण्याखाली त्याचा हात धरला आणि बोटं दाबून भाव पाडू लागलो. ब्रह्मदेशात लढून आलेला माझा मित्र म्हणाला, "गड्या, तिकडं बुद्धाचं भिक्षू सांगत्यात, दुःख हावंतनं येतं. हाव सोड, सुटशील." फेरीवाल्याचे डोळे चमकले. "हमारे चीन का ताओ पंथ अलग! छोडने को भी जोर लगता. जोर मत करो, पानी जैसा चलो." "मंग तुजा भाव बी पाण्यागत खाली येऊ दे की!" मी ओरडलो. सगळा बाजार हसला आणि मी बोटं आणखी आवळली. तोही हसला, हात अलगद सोडवून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या गिऱ्हाइकानं घासाघीस न करता तुकडा उचलला! मित्र म्हणाला, हाव नडली. फेरीवाला म्हणाला, जोर नडला. बायको अजून म्हणते, "दोगांचंबी खरं हाय." मी म्हणतो, फेरीवाल्यानं आणखी थोडा वेळ हात धरू दिला असता, तर ते रेशीम तिच्याच अंगावर असतं!