तिसऱ्या घराचं छप्पर

कौस्तुभने खोकं उघडलं आणि आतून काळं मशीन काढून चुलीशेजारी ठेवलं.

"काका, उद्यापासून हे. लाकूड बंद, निखारे बंद. बटण दाबायचं, धूर येतो."

मी म्हटलं, "हे तर लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना सोडतात ते."

"तेच. फॉग मशीन. सोबत बाटली आहे, दोन थेंब टाकले की लाकूड जळल्याचा वासही येतो. व्हिजिटर्सना काही कळणार नाही."

"व्हिजिटरला नाही कळणार. छपराला कळेल ना."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा विनोद करतोय.

कौस्तुभ आमचा ऑपरेशन्स मॅनेजर. पुण्याचा, वय चाळिशीच्या आतलं, बोलायला गोड. मी मेस्त्री. जातीने सुतार, धंद्याने सुतार, शाळा सातवीपर्यंत, तीही वेंगुर्ल्याला मास्तरांच्या शिव्या खात. आधी जहाजावर कारपेंटर होतो, मग सिंगापूरला रिपेअर यार्डात तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर तिथल्याच या बागेत लागलो. बाग खाजगी. मालकाने जपानातून गावाकडची तीन जुनी घरं सुटी करून आणली आणि इथे परत उभी केली. उभी करताना सुतार लागला, म्हणून मी. नंतर देखभालीला राहिलो.

लोक तिकीट काढून येतात. गाईड त्यांना पायी फिरवते. पहिलं घर व्यापाऱ्याचं. दुसऱ्यात माणसं आणि घोडा एकाच छपराखाली राहत. तिसरं डोंगरातलं. त्याचं छप्पर उभं, दोन हात जोडल्यासारखं, आणि गवताचं. गवत दोन हात जाड. आत वासे दोरीने बांधलेले, छपराला एक खिळा नाही. लोक त्या तिसऱ्या घरासाठीच येतात.

त्या घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल आहे. राखेत निखारे, वर आकड्याला किटली. धुराला चिमणी नाही. तो वर जातो, दोरीत शिरतो, गवतात शिरतो आणि सावकाश बाहेर पडतो. लोकांना वाटतं चूल चहासाठी. चूल छपरासाठी असते. धुराने गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही, दोरी आवळून बसते. आमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर बियाणं आणि कोकमाची सोलं ठेवायचे, ते याचसाठी. घर उभं करायला आलेल्या जपानी म्हाताऱ्या कारागिराला मी हे खाणाखुणांनी सांगितलं, तर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. जाताना त्याने दोन दोऱ्या माझ्या हातात दिल्या. एक नवी. दुसरी जुनी, धुराने काळी झालेली. म्हणाला, ओढ. नवी मी तोडली. जुनी नाही तुटली.

चूल रोज सकाळी माझी बायको शेवंती पेटवायची. तिला बागेत झाडलोटीचं काम होतं. पहिल्या दिवशी मी फुंकून फुंकून बेजार झालो तेव्हा तिने मला ढकललं. "सरका. मरेस्तोवर फुंकलात तरी पेटणार नाय ती." आणि दोन मिनिटांत पेटवली. तेव्हापासून चूल तिची. या वर्षी पोटाच्या दुखण्याने ती घरी बसली, तेव्हा परत माझ्याकडे आली.

मग शेजारी उंच फ्लॅटांचा नवा कॉन्डो झाला. तिथून ईमेल यायला लागले. धूर येतो, कपड्यांना वास लागतो, समुद्रापलीकडच्या वणव्यांची हेझ काय कमी आहे का. वरून ऑर्डर आली, मशीन आलं.

मी दुसऱ्या दिवशी पटाशी घेतली, पुसून कोरडी केली आणि मशीनच्या तोंडासमोर धरली. मिनिटभरात पातं ओलं. ते कौस्तुभच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"हे बघ. हा धूर नाही, हे पाणी आहे. वर जाऊन गवतात बसणार. सिंगापूरची हवा आधीच ओली, त्यात तू दिवसातून सहा टूरना पाणी पाजणार."

"काका, इतकं काही होत नाही हो. सप्लायरने सर्टिफिकेट दिलंय."

"सप्लायरचं घर आहे का गवताचं?"

त्याने कागद सरळ केले. माझं बोलणं संपलं असा त्याचा अर्थ.

दर शुक्रवारी तपासणी माझ्याकडे होती. टॅबवर फॉर्म यायचा. छप्पर, दोऱ्या, खांब, जमीन. प्रत्येकासमोर तीन गोल. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. गोल दाबायचा, खाली बोटाने सही करायची. इंग्रजी मला वाचता येत नाही, रंग येतात.

छप्पर तपासायची माझी एक लोखंडी सळई होती. गवतात खुपसायची. गवत कोरडं असेल तर चार बोटांवर अडते. मशीन आल्यावर सहाव्या शुक्रवारी सळई वीतभर आत गेली. बाहेर काढली तर टोकाला काळा चिखल. मी पिवळा दाबला.

तासाभरात कौस्तुभ हजर.

"काका, पिवळा दाबला की रिपोर्ट आपोआप वर जातो. मग बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर येणार, तिसरं घर बंद ठेवणार. सीझन सुरू होतोय. तुम्हाला माहितीये ना माझ्यावर काय येतं?"

"छप्पर ओलं आहे."

"पडतंय का आत्ता?"

"आत्ता नाही."

"मग आत्ता हिरवं आहे."

त्या दिवशी मी रंग बदलला नाही. भांडलो. त्याने कुणाला तरी फोन करून रिपोर्ट कसाबसा थांबवला आणि तो फॉर्म खोडायला लावला.

पुढच्या आठवड्यात शेवंतीला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ठेवलं. पोटात पाणी होत होतं. डॉक्टर म्हणाला, बघू. डॉक्टर बघू म्हणतो तेव्हा त्याने बघितलेलं असतं. आम्हाला मूल नाही. सिंगापुरात तिच्याजवळ बसायला मी एकटा. माझी ड्यूटी सहापर्यंत, आणि संध्याकाळी औषध दिलं की ती झोपायची. जागी असायची ती दुपारची.

मी कौस्तुभकडे गेलो. म्हटलं, मला तीनला सोड.

तो लगेच म्हणाला, "अहो काका, विचारताय काय? काकूंपेक्षा मोठं काय आहे? जा तुम्ही रोज तीनला. मी बघतो इथलं." मग टॅब माझ्यापुढे सरकवला. "फक्त शुक्रवारचं तेवढं व्यवस्थित करत जा."

त्याने दमदाटी केली नाही, अट घातली नाही. दोघांनाही कळलं. मी हिरवा दाबला आणि बोटाने सही केली.

एकदा जमलं की पुढे सोपं जातं. दुसऱ्या शुक्रवारी मी सळई घेऊन शिडीवर चढलो, पण खुपसली नाही. तिसऱ्या शुक्रवारी शिडीच लावली नाही. तीनची घाई असायची. आंग मो किओला आमच्या फ्लॅटवर जाऊन पेज करायची, डब्यात घालायची, एमआरटी पकडायची.

शेवंतीचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. एक दिवस माझी बाही धरून जवळ ओढली.

"शर्टाला वास नाय धुराचा."

"मशीन बसवलंय. सांगितलं ना तुला."

"मग छप्पर?"

"बघतो मी."

"बघा हां. आणि त्या कौस्तुभाला एकदा जेवायला बोलवा मी घरी आले की. देवमाणूस आहे. कोण सोडतो असं रोज तीनला?"

मी पेज भरवत राहिलो. ती त्याला देवमाणूस समजूनच गेली, दिवाळीच्या आधी. खरं सांगायला मला पुष्कळ दुपारी मिळाल्या होत्या. नाही सांगितलं.

तेरा दिवस झाल्यावर कामावर गेलो. कौस्तुभने मिठी मारली. शुक्रवार आला, टॅब आला. हिरवा दाबला. पुढच्या शुक्रवारी हिरवा. असे सहा शुक्रवार. आता तीनला मला कुठे जायचं नव्हतं. कुणी सोडायचं नव्हतं, कुणाची मर्जी राखायची नव्हती. शिडी भिंतीला होती, सळई खुंटीला होती. मी दोन्हींकडे बघायचो आणि बाकावर बसायचो. घर पडतंय तर पडू दे, असंही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात पाऊस लागला तो थांबेना. एका शनिवारी सकाळच्या टूरला बारा-तेरा माणसं होती. गाईड होती हुई मिन. आधी शाळेत शिक्षिका, पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. पाच वर्षं ती, मी आणि शेवंती एका टेबलावर जेवलेलो. शेवंतीच्या सोलकढीला ती पिंक सूप म्हणायची आणि दोन वाट्या प्यायची. ती नेहमीप्रमाणे चुलीच्या कडेला उभी राहून वर हात करून सांगत होती, हे छप्पर खिळ्याशिवाय उभं आहे. मी दारात होतो.

आवाज मोठा नाही झाला. ओलं गोणपाट पडावं तसा झाला. वासा बांधलेली दोरी सुटली आणि दारापेक्षा मोठा गवताचा तुकडा, पाण्याने जड झालेला, खाली आला. लोक मागे होते म्हणून वाचले. हुई मिनच्या खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

गवत मीच बाजूला केलं. आतून कुजून काळं झालं होतं, त्यात अळंबी उगवली होती. दोरी चिमटीत धरली तर पिठासारखी झाली. मशीन चालूच होतं. मी लाथ मारून बंद केलं.

सोमवारी मीटिंग. वरचे दोन साहेब, कौस्तुभ आणि मी. कौस्तुभने टॅबवरचे फॉर्म भिंतीवर मोठे करून दाखवले. ऑगस्टपासूनचे. एकाखाली एक सगळे हिरवे, प्रत्येकाखाली माझी वाकडी सही.

साहेब म्हणाला, "मिस्टर मेस्त्री, इज धिस युवर सिग्नेचर?"

"येस."

"यू चेक्ड द रूफ?"

"नो."

कौस्तुभ मराठीत हळूच म्हणाला, "काका, नीट विचार करून बोला."

मी मराठीतच म्हटलं, "विचार करायचा तेव्हा केला नाही, आता काय करू?" मग माझ्या मोडक्या इंग्रजीत मशीनचं सांगितलं, पटाशीचं सांगितलं, पिवळ्याचं सांगितलं. साहेबाने कौस्तुभकडे बघितलं. कौस्तुभ म्हणाला, तोंडी तक्रारीचं रेकॉर्ड नाही. अंकलच्या घरी त्या काळात दुःखद प्रसंग होता, त्यामुळे त्यांचं लक्ष नसावं, आम्ही त्यांना खूप सांभाळून घेतलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तीनला सोडायचं मी बोललो नाही. ते बोललो असतो तर शेवंतीचं नाव त्या खोलीत आलं असतं. तेवढं एक मी राखलं. त्याला कुणी मोठेपणा म्हणू नये, ती लाज होती.

चार दिवसांनी हुई मिनकडे गेलो. हात गळ्यात अडकवलेला. तिने चहा दिला नाही, बस म्हणाली.

"अंकल, यू न्यू, राइट?"

"येस."

"सिन्स व्हेन?"

"ऑगस्ट."

तिने गळ्यातली पट्टी सरळ केली. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये आंटी आजारी होती. ओके, मी समजू शकते लाह. माझ्या नवऱ्यासाठी मीपण केलं असतं. पण आंटी गेली ऑक्टोबरमध्ये. छप्पर माझ्यावर पडलं डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये काय होतं, अंकल? रोज मी त्याच्याखाली उभी होते. तू दारातून बघत होतास."

ती उठली आणि तिने दार उघडलं. मी चपला घातल्या. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं होतं.

तिसरं घर दोन महिने बंद होतं. आता उघडलंय. छप्पर प्लॅस्टिकच्या गवताचं आहे, ओलं होत नाही, कुजत नाही. मशीन तेच. लोक फोटो काढतात आणि खूश होऊन जातात. कौस्तुभ बढती घेऊन दुसऱ्या ऑफिसात गेला. हुई मिनने टूर सोडली. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते वाढवलं नाही, आणि मी वाढवा म्हणून गेलोही नाही. कॉन्डोतून ईमेल येत नाहीत म्हणे.

या धंद्यात पन्नास वर्षं घालवून एवढंच सांगतो. ज्याला निघायची घाई आहे त्याच्याकडे तपासणीचं काम देऊ नये. आणि ज्याला कुठेच जायचं उरलेलं नाही त्याच्याकडेही देऊ नये. दोघंही हिरवाच दाबतात.