आठ मार्कांचं बाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुधा आजही गप्पच बसले असते.

पनवेलला एका छोट्या सूतिकागृहात मी नर्स होते. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या डॉक्टरीणबाई मुंबईहून एक नवी पद्धत शिकून आल्या. बाळ जन्मलं की एका मिनिटाने त्याच्या पाच गोष्टी बघायच्या — रंग, ठोके, हातापायांतला जोर, डिवचल्यावरची हालचाल आणि श्वास, म्हणजे रडणं. प्रत्येकाला दोनपर्यंत मार्क, एकूण दहा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मला हसू आलं होतं. अजून बारसं नाही आणि परीक्षा सुरू.

पण त्या परीक्षेत एका विषयात मीच नापास होते. मला रडणं ऐकू येत नव्हतं.

आदल्या वर्षी मला क्षय झाला होता. इंजेक्शनांनी छाती बरी झाली आणि कान गेले. समोरचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून कळायचं. पाठीमागून हाक मारली तर नाही. लपवणं कठीण होतं का? मुळीच नाही. लोक म्हणायचे, बाईंना शिष्टपणा फार. मी ते चालवून घेतलं. शिष्ट नर्सला कुणी काढून टाकत नाही.

ठोके नाळेवर बोट ठेवून मोजता यायचे. रडणं मात्र — ते मी आईच्या तोंडावरून ओळखायचे. बाळाने टाहो फोडला की बाईचा चेहरा असा काही सैल पडतो, की चूक होत नाही. तो बघायचा आणि दोन मार्क द्यायचे. कित्येक बाळं अशी गेली हाताखालून.

मग एका दुपारी कामोठ्याची एक बाई अडली. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत दुसरीजवळ होत्या. मूल झालं तेव्हा आईला ग्लानी आली होती, तोंड भिंतीकडे. बाळाने तोंड उघडलं, हात हलवला. आणि मी — काय सांगू? — मी धरून चालले. रडण्याला दोन, एकूण आठ. मुलीला कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि आईकडे वळले.

आमची आया येसू, विचुंब्याची, मागून हाका मारत होती म्हणे. शेवटी बाळ उचलून माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"बाई, कवाची सांगतेय. पोर रडत नाय."

ओठ निळे पडले होते. घशातला चिकटा रबरी नळीने ओढून काढला, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हवा दिली. कितीदा, आठवत नाही. मग तळहाताखाली ती एवढीशी छाती थरथरली. येसू हसली, तेव्हा मला कळलं — मुलगी रडतेय. इतका आनंद मला पुढे स्वतःच्या मुलांच्या वेळीही झाला नाही.

तेवढंच असतं तर हे लिहायला बसले असते का? डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बाळाचे निळसर हात पाहिले, कागद पाहिला.

"सिस्टर, हे आठ मार्कांचं बाळ आहे?"

"जन्मलं तेव्हा आठच होते," मी म्हणाले. "येसूने तोंडावरून कपडा गुंडाळला."

जीभ अडखळलीसुद्धा नाही माझी. येसूने बाळाभोवतीचा कपडा सैल केला. तिला त्या खोलीतून काढून धुण्यावर घातलं. तीन महिने मी तिला मागच्या अंगणात रक्ताच्या चादरी आपटताना बघत होते आणि खिडकीशी थांबत नव्हते.

माणसं कमी पडली म्हणून तिला परत घेतलं. पहिल्याच बाळंतपणाला ती माझ्या अगदी समोर उभी राहिली. बाळ रडलं, तशी तिने मान हलवली. बस्, तेवढंच. तिला सगळं ठाऊक होतं — कधीपासून, कोण जाणे. पुढे नऊ वर्षं ती मान हलवत राहिली आणि मी खाली सही करत राहिले. त्या नऊ वर्षांत एकही बाळ आमच्या हातून निसटलं नाही. लोक मला दुवा देत. मी घेत होते.

कामोठ्याची ती मुलगी आता भजनात गाते. आवाज खणखणीत आहे, असं सांगतात. येसूला विचुंब्यात अजून बाळंतपणासाठी घरोघर बोलावणं येतं.

आज सकाळी मी डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं. त्या थकल्यात, पण पत्रं स्वतः वाचतात. दोनच ओळी लिहिल्या: त्या दिवशी बाळ गुंडाळून ठेवलं ते मी, मला ऐकू येत नव्हतं. येसूने ते उचललं.

आता विचुंब्याला निघाले आहे. तिच्यासमोर बसेन, आणि ती जे काही बोलेल ते तिच्या तोंडाकडे बघून ऐकेन.