उकंडाचे आवतन

उकंडा महादेव भोयर. जन्म अंदाजे १९२४, मृत्यू १९६७.

जन्माचे वर्ष अंदाजानेच लिहावे लागते. त्याच्या आधीची भावंडे पाळण्यातच गेली होती, आणि हेही मूल जगेल अशी घरात कोणाला आशा नव्हती. म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला उपजताच उकिरड्यावर ठेवण्यात आले, शेजारणीने 'सापडलं बाई' म्हणत उचलून आईच्या ओटीत घातले, आणि टाकाऊ माल समजून यमाने पाठ फिरवली. त्यावरूनच नाव उकंडा. ज्याने पहिल्याच दिवशी यमाला बनवले, त्याला पुढे गाव जन्मभर 'अर्धवट' म्हणत राहिले, हे मात्र गावाच्या तर्कशास्त्रालाच ठाऊक.

त्याची बुद्धी मंद होती, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. सदऱ्याच्या गुंड्या त्याला कधी नीट लावता आल्या नाहीत. बोलण्यापूर्वी तो एवढा थांबे की विचारणारा निघून जाई. आई गेल्यावर, १९५७ साली, थोरल्या भावाने त्याला नेरच्या बाहेर असलेल्या 'दयाधाम' या संस्थेत आणून सोडले. "याले काई समजत नाई," एवढीच ओळख करून देऊन भाऊ परतीच्या मोटारीत बसला.

दयाधाम वाईट नव्हते. वरण पातळ असे, परंतु ऊन असे. सतरंज्या नियमाने उन्हात पडत. व्यवस्थापक पुंडलिकराव निमकर हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी कोणावर कधी हात उगारला नाही. मात्र तेथे कोणाला काही विचारण्याची वहिवाट नव्हती. प्रत्येक खाटेला आकडा होता, आणि खाटेवरच्या माणसालाही तोच. व्हरांड्यात पितळेची घंटा टांगलेली होती आणि तिच्यावर 'अध्यक्ष श्री. देवीलालजी यांजकडून' असे ठसठशीत कोरलेले होते. घंटा वाजली की उठायचे, घंटा वाजली की थाळी घेऊन आकड्यांच्या क्रमाने रांगेत उभे राहायचे. पुंडलिकरावांना ती रांग पाहून कविता वाचल्याचे समाधान लाभे.

उकंडाचा जीव रमे तो गोठ्यात. संस्थेच्या शेतावर धावजी राठोड नावाचा बंजारा सालदार होता आणि चांद्या व मोऱ्या ही बैलजोडी होती. उकंडा शेण काढी, वैरण टाकी, आणि मोऱ्याशी बोले. मोऱ्या निघून जात नसे, त्यामुळे त्याची वाक्ये तेवढी पूर्ण होत.

१९५९ सालच्या पोळ्याची आदली संध्याकाळ. धावजीने तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकले आणि हात जोडून म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उकंडा मोऱ्याच्या पलीकडे, आपलाही खांदा उघडा करून रांगेत उभा होता. धावजी हसला. त्याच्याही खांद्यावर त्याने पान फिरवले.

"घे भिया, तूही घे आवतन. तूही खांदा घासतोच की!"

उकंडाला आयुष्यात मिळालेले ते पहिलेच आमंत्रण. तो तसाच हळदीच्या खांद्याने व्हरांड्यात गेला. पुंडलिकराव घंटेची दोरी तपासत होते.

"मास्तर, बैलाइले आवतन भेटलं. आमाले काहून नाई?"

"तुमच्यासाठी घंटा आहे ना!" पुंडलिकराव म्हणाले.

उकंडा थांबला. पुंडलिकराव निघून जाण्याच्या बेतात होते, तेवढ्यात वाक्य आले.

"घंटी तं बैलाच्या गळ्यात रायते."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव इस्त्रीचे धोतर नेसून, अध्यक्षांच्या स्वागतासाठी पोळ्याच्या मैदानाकडे लवकर गेले. मागे गोठ्यात बैलांचा साज चढत होता. झुली झाल्या, बाशिंगे झाली. आणि मोऱ्याच्या गळ्यात काहीतरी वजनदार, पिवळे चकाकताना धावजीने पाहिले. त्याने मिशीवर बोट फिरवले आणि झूल सारखी केली.

मोऱ्याने पाऊल उचलले आणि घंटा वाजली.

दयाधामातील झाडून सारी मंडळी थाळ्या घेऊन बाहेर पडली. घंटा पुढे चालली होती. तेव्हा रांगही पुढे चालली. आकड्यांचा क्रम कोणी मोडला नाही. बाजारातून, कापसाच्या गाड्यांच्या अड्ड्यावरून ती शिस्तबद्ध मिरवणूक थेट तोरणाखाली येऊन उभी राहिली. झडती, म्हणजे पोळ्याचे कवन, म्हणणाऱ्याचा 'हर बोला' ओठांतच राहिला.

"काहो मास्तर," गर्दीतून कोणी ओरडले, "हे कोन्या पाटलाचे बैल?"

सारे मैदान हसले. उकंडा थांबला, मैदानही थांबले.

"बैल पुढं हायेत. मांगं माणसं हाओत."

हसणे विरले. परंतु तेवढ्यात कोणा साक्षराने मोऱ्याच्या गळ्यातील अक्षरे मोठ्याने वाचली, आणि 'अध्यक्ष श्री. देवीलालजी यांजकडून' हे शब्द ऐकताच ते पहिल्याहून दुप्पट झाले. देवीलालजी हे कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. आपले नाव बैलाच्या गळ्यात गावभर फिरावे म्हणून त्यांनी देणगी दिलेली नव्हती.

"हा मनुष्य उद्याच्या मोटारीने नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात रवाना करा," ते पुंडलिकरावांना म्हणाले.

ही बातमी स्वयंपाकघरात उकंडाच्या कानी आली. त्याने स्वयंपाकीण शकुबाईंना एकच प्रश्न केला, "तिथं बैल हायेत?"

"कुलपं हायेत म्हंते बाप्पा," शकुबाईंनी पदराने डोळे पुसले.

उकंडाने पुरणाकडे पाहिले. मग तो खोल्याखोल्यांतून, प्रत्येकाच्या कानाशी लागत, एक फेरी मारून आला.

संध्याकाळी पुरणपोळ्या तयार झाल्या. घंटा परत व्हरांड्यात आणावी म्हणून पुंडलिकराव गोठ्यात गेले, तेव्हा धावजी आडवा झाला. "पोळ्याले चढवलेला साज आम्ही उतरवत नाई, मास्तर. तांड्याचा रिवाज हाये." असा रिवाज कोणत्याही तांड्यात नव्हता, तो धावजीने त्याच क्षणी सुरू केला होता.

पुंडलिकरावांनी टाळ्या वाजवल्या. पातेल्यावर पळी बडवली. कोणी उठले नाही. सणाच्या दिवशी मंडळींची पंगत बसल्यावाचून अध्यक्षांनी जेवायचे नाही, असा नियम पुंडलिकरावांनीच केलेला; आणि देवीलालजींना सकाळपासून उपास घडलेला.

"पुंडलिकराव, काय ते करा, पण बोलवा त्यांना!"

"क्रमांक सात, चला जेवायला!"

"सात नाई जेवत," खाटेवर बसलेला उकंडा म्हणाला. "गंगाराम जेवते."

पुंडलिकरावांनी घाम पुसला. "गंगाराम, जेवायला चला." गंगाराम लगेच उठला. मग ते खाटेखाटेपाशी गेले. जेथे नाव अडले तेथे त्यांनी ते विचारून घेतले, आणि जो तो आपले नाव सांगून, थाळी घेऊन, रांगेबिंगेचा विचार न करता पंगतीत जाऊन बसला. शेवटी उकंडा राहिला.

"उकंडाभाऊ, जेवायला चला."

"आजचं आवतन तं मी कालच घेतलं. मले उद्याचं द्या. बैलाइवानी, पुरं."

पुंडलिकराव घुटमळले. देवीलालजी आतून गरजले, "अहो, म्हणा की! अन्न थंड होते आहे!"

पुंडलिकरावांनी हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मोटारीच्या वेळी उकंडा थाळी घेऊन पंगतीत बसलेला होता. "आवतन घेतलं म्या, मास्तर. जेवल्याबिगर कसा जाऊ? अध्यक्षाइच्या समोर देल्लं तुमी." तो चावून चावून, रवंथ केल्यासारखा जेवत राहिला, आणि मोटार निघून गेली. संध्याकाळी तो पुन्हा दारात उभा राहिला, उद्याचे आवतन मागण्यासाठी. या व्यवहारातील मेख पुंडलिकरावांच्या ध्यानात त्याच दिवशी आली. नंतर मात्र ती ध्यानात न येऊ देण्याचे त्यांनी ठरवले. अध्यक्षांनी विचारले की ते म्हणत, "उद्या पाठवतो. आज त्याचे जेवण आहे."

घंटा मोऱ्याच्या गळ्यातच राहिली. दयाधामात तेव्हापासून नावाने बोलावून जेवायला वाढतात. याला वेळ अधिक लागतो, आणि रांग काही केल्या सरळ येत नाही; पुंडलिकरावांनी हा तोटा सोसला.

१९६७ च्या श्रावणात उकंडाला ताप भरला. शेवटच्या संध्याकाळी पुंडलिकराव खाटेपाशी गेले आणि नेहमीप्रमाणे हात जोडून त्यांनी पुरे आवतन दिले. उकंडा थांबला, आणि मग त्याने होकाराची मान डोलावली. पहाटेपूर्वीच तो गेला. उकिरड्यावर चुकलेला माल यमाने त्रेचाळीस वर्षांनी ओळखला, तोही जेवणाच्या आधी.

आवतन घेतलेले, जेवण राहिलेले. ते देणे संस्थेकडे अजून आहे. दर पोळ्याला त्याच्या नावाची थाळी वाढली जाते, आणि ती कोणी खावी याचा नियम न सापडल्यामुळे, पुंडलिकराव ती स्वतः उचलून गोठ्यात नेऊन ठेवतात. परत येताना थाळी रिकामी असते.