निघणाऱ्याला काय म्हणायचं

दुपारचं जेवण उरकून कुमुद पडवीतल्या चटईवर आडवी होते. झोपायचं तिच्या मनात नाही. संध्याकाळपर्यंत प्रवास कंपनीच्या सावंतांना काय ते कळवायचं आहे, आणि त्याआधी वही एकदा नीट पाहायची आहे. पण चार पानं उलटेपर्यंत अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात. वही छातीवर पालथी पडते. मागीलदारी कुणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत नेतंय. तो खरखर आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो.

वही तिची नाही, तिच्या नणंदेची आहे. शालन तोडणकर. रत्नागिरीजवळ बागायतीच्या एका केंद्रात या शालनवन्संनी अडतीस वर्षं जायफळाची कलमं बांधली. लग्न केलं नाही. जायफळ मूळचं बांदा नावाच्या बेटांवरचं, आणि त्या बाजूला सिंगापूर, मलेशिया, ब्रुनेई, इंडोनेशिया अशा शेजारशेजारच्या देशांत थोड्याफार फरकाने एकच मलय भाषा चालते, हे कळल्यापासून त्यांना त्या मुलखाची ओढ लागली ती कायमची. बारा वर्षांपूर्वी कुमुदचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, गेला. मुलगा हृषीकेश पनवेलला. मग घरात या दोघीच राहिल्या. दोन वर्षांपूर्वी, निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, वन्संनी मलय शिकायला घेतली आणि कुमुदलाही सोबत ओढली. रोज सकाळी चहाबरोबर दोन नवे शब्द. डोक्याला केपाला, म्हणजे आपलं कपाळच की. नवऱ्याला सुवामी. जायफळाला पाला म्हणतात हे ऐकून कुमुदने विचारलं होतं, मग पाल्याला काय म्हणतात? त्यावर वन्सं दिवसभर आठवून आठवून हसत होत्या.

असं करत करत सतरा दिवसांची सहल त्यांनी वहीत उभी केली. पिनांग, मलाक्का, तिथून बोटीने पलीकडे सुमात्रा, आणि सगळ्यात शेवटी बांदा. जानेवारीची दोन तिकिटंही काढून झाली. श्रावणात वन्संना ताप आला. कोल्हापूरच्या इस्पितळात आठ दिवस झाले, नवव्या दिवशी कुमुद धुतलेले कपडे आणायला म्हणून एका दिवसापुरती घरी आली. परत जाताना एसटी आंबा घाटात असताना फोन वाजला, वन्सं गेल्या. निरोप असा घ्यायचा राहूनच गेला.

हृषीकेशचं म्हणणं, दोन्ही तिकिटं रद्द कर, पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ. एकट्या बाईने, तेही पासष्टाव्या वर्षी, अनोळखी मुलखात कशाला जायचं. तो चुकीचं बोलत नाही. पनवेलच्या पुढे कुमुद एकटी कधी गेलेलीच नाही.

झावळ्यांचा आवाज थांबतो. छातीवरची वही कुणीतरी उचलतं.

"पिनांगला तीन दिवस कशाला ठेवलेस?"

शालनवन्सं उशाशी बसल्या आहेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन्सिल कानामागे. कुमुदला नवल वाटत नाही. त्या बसलेल्या असताना आपण लोळतोय याचाच काय तो संकोच वाटतो, म्हणून ती उठून पदर सारखा करते.

"तुम्हीच ठेवले होते, वन्सं."

"असं? मग दोन पुरेत. एक दिवस बांद्याला दे. तिथवर पोचायलाच जीव जातो."

त्या पेन्सिलीने खोडतात, लिहितात. कुमुदला त्यांच्या हाताला हात लावून पाहावासा वाटतो, पण हात कामात आहे. कामात असलेल्या वन्संना मध्येच अडवलेलं चालत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. ती नुसती बघत राहते. मनगटावर इस्पितळातल्या सुयांची निळी खूण नाही. नखांत माती आहे, पूर्वी असायची तशी.

"चल, गाडी लागली," वन्सं म्हणतात.

गाडी खरंच लागलेली आहे. रत्नागिरीचा स्टँड, तोच उखडलेला फलाट, तीच चहाची टपरी. फक्त लाल गाडीच्या पाटीवर 'पिनांग, मार्गे पावस' असं लिहिलंय. पाटी वाचून कुणी थबकत नाही. पिशव्या सावरत माणसं चढतात. कर्ण्यातून गाड्यांची नावं पुकारली जातात ती मलयमध्ये, आणि कुमुदला सगळं समजतं. कुठली गाडी उशिरा आहे, कुणाची पिशवी सापडली आहे, सगळं. ती वन्संना तसं सांगते.

"समजणारच. दोन वर्षं चहाबरोबर प्यायलीस," त्या म्हणतात आणि तिला खिडकीची जागा देतात.

गाडी भाट्याच्या पुलावर येते. हा पूल संपायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण आज तो संपत नाही. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यापलीकडे माड, माडांपलीकडे पुन्हा पाणी. कधीतरी चाकांचा आवाज बंद होतो आणि कुमुदच्या लक्षात येतं की खालून पाणी कापल्याचा आवाज येतोय. बाकडी तीच आहेत. कंडक्टर कठड्याला टेकून उभा आहे. समोरच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली आहे. तिच्या मांडीवरच्या टोपलीत काळसर जांभळी फळं आहेत.

"मांगीस," वन्सं हळूच म्हणतात. "मँगोस्टीन. रातांब्याचं भावंड. आतून मात्र पांढरंशुभ्र."

म्हातारी न मागता एक फळ देते. वन्सं दोन्ही तळहातांत धरून ते दाबतात. साल फुटते, आत लसणीच्या कुड्यांसारख्या पाकळ्या. एक त्या कुमुदला देतात, एक स्वतः तोंडात टाकतात. कुमुद चावते. थंडगार, मऊ काहीतरी तोंडात आहे, पण चव लागत नाही. ती जिभेने शोधत राहते. आंबट नाही, गोड नाही, काहीच नाही.

"चव येत नाही, वन्सं."

"मलाही येत नाही," त्या म्हणतात. "मी तरी कुठे कधी खाल्लंय?"

कुमुद त्यांच्या तोंडाकडे बघते. या बाईने जायफळाबरोबर या फळाचंही झाड कसं लावायचं, किती सावली लागते, कलम कुठल्या महिन्यात धरतं, हे हजार माणसांना सांगितलं असेल. फळ मात्र चित्रातच पाहिलं.

ती तोंड फिरवते, तर समोर अप्पांची खोली. बोटीच्या पोटात नाही, घरातलीच, मागीलदाराला लागून असलेली. कुमुदच्या सासऱ्यांची, वन्संच्या वडिलांची. खाट आहे, खाटेवर कुणी नाही. चादर ओढून ताणून घातलेली आहे. कोनाड्यात एक लांबट लिफाफा. तो काय आहे हे कुमुदला उघडायच्या आधीच ठाऊक असतं.

छत्तीस वर्षांपूर्वी वन्संना पिनांगला बोलावणं आलं होतं. मसाल्यांच्या झाडांचं शिक्षण, सहा महिने, राहण्याजेवण्याची सोय तिकडचीच. त्याच महिन्यात अप्पांची उजवी बाजू गेली. कुमुदला सातवा महिना होता. वन्संनी कुणाला काही न विचारता नकार कळवला आणि अप्पांचं अंग पुसायला पाणी तापत ठेवलं. घरात त्यावर एक दिवससुद्धा बोलणं झालं नाही. पण त्या रात्री कुमुद निर्धास्त झोपली होती. इतकी गाढ झोप तिला त्याआधी कित्येक आठवड्यांत लागली नव्हती. ही झोप तिने कुणाला कधी सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आणि दोन वर्षं रोज चहाला समोरासमोर बसून वन्संना तर नाहीच.

आता ती सांगते. उंबऱ्यावर उभी राहून, खाली मान घालून.

"तुम्ही गेला नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं, वन्सं. खूप बरं वाटलं होतं."

वन्सं चादरीची न पडलेली सुरकुती सारखी करतात.

"ठाऊक आहे मला. सकाळी तुझं तोंड बघून कळलं होतं."

"रागावला नाहीत?"

"कशी रागावू? मलाही बरंच वाटलं होतं," त्या म्हणतात. "मी तोवर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, कुमुद. विमानाच्या नुसत्या विचाराने रात्ररात्र झोप उडायची. नाही म्हणायचं धाडस होत नव्हतं. अप्पा पडले आणि मी सुटले. नंतर सगळे म्हणायला लागले, शालनने बापासाठी केवढा त्याग केला. मग खरं सांगायची सोय उरली नाही."

कुमुदला रडू येतं, आणि रडता रडता हसूही येतं. दोघी एकाच घरात, एकाच भिंतीच्या अलीकडे पलीकडे, एकच गोष्ट छत्तीस वर्षं लपवत होत्या. ती पुढे होते. या वेळी वन्संचा हात मोकळा आहे. तो ऊबदार आहे आणि खरखरीत आहे, आणि कुमुदला वाटतं, बस, आता इथून हलायला नको, ही खोली अशीच राहू दे, अप्पांची खाट रिकामी आणि हा हात माझ्या हातात.

पण पायाखाली वाळू आहे. एक लाकडी धक्का पाण्यात गेलेला आहे आणि धक्क्याच्या टोकाला बोट थांबली आहे. मागे उतारावर जायफळाची झाडं, काळोखी हिरवी, ओळीने लावलेली. वन्संच्या केंद्रातलीच ती. प्रत्येक खोडाला त्यांच्या अक्षरातली क्रमांकाची चिठ्ठी आहे.

वन्सं धक्क्यावर पाय ठेवत नाहीत. त्या कुमुदचा पदर हातात घेतात आणि त्याच्या टोकाला गाठ मारतात. साधी नाही. आधी दोन वेढे, मग टोक खालून आत, मग दातांत धरून ओढून घट्ट, कलमाची पट्टी बांधतात तशी.

"ही कशाला?"

"तू विसरतेस म्हणून," त्या म्हणतात. काय विसरते ते सांगत नाहीत. मग मान थोडी वर करून, धड्यातला शब्द विचारतात तशा आवाजात म्हणतात, "सेलामत जालान."

कुमुदला ही गोष्ट पक्की पाठ आहे. मलयमध्ये निरोपाचे शब्द दोन. जो निघतो तो मागे राहणाऱ्याला म्हणतो सेलामत तिंगल, म्हणजे सुखाने राहा. जो राहतो तो निघणाऱ्याला म्हणतो सेलामत जालान, म्हणजे सुखाने जा. कोल्हापूरहून वन्संना घरी आणलं तेव्हा, सगळे बाहेर गेल्यावर, कुमुदने त्यांच्या कानाशी तोच शब्द म्हणून पाहिला होता. तो अर्ध्यावरच राहिला होता.

"चुकलात तुम्ही, वन्सं," ती म्हणते. "निघालात तुम्ही. तुम्ही मला तिंगल म्हणायचं. जालान मी म्हणायचं."

"मी कुठे निघाले?" वन्सं म्हणतात. त्यांच्यामागे झाडं अगदी स्तब्ध आहेत. "मी आहे तिथेच आहे. बोट तुझ्यासाठी थांबली आहे."

कुमुद बोटीकडे बघते. पुन्हा वन्संकडे बघते. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही, याचा तिला फार त्रास होतो. काय म्हणायचं ते तिला ठाऊक आहे, शब्द सोपा आहे, पण तो उच्चारला की खरंच निघावं लागणार. ती ओठ उघडते.

"सेलामत तिंगल, वन्सं," ती म्हणते.

आपल्याच आवाजाने तिला जाग येते.

पडवीत ऊन तिरपं झालेलं आहे. पंखा बंद, वीज गेलेली. गळा घामाने भिजला आहे. मागीलदारी सगळं शांत आहे. ती बराच वेळ तशीच पडून राहते. हाताला अजून ती खरखरीत ऊब जाणवतेय आणि हळूहळू उतरत चालली आहे. तिला ती धरून ठेवता येत नाही. मूठ घट्ट मिटून पाहिली तरी येत नाही.

शेवटी ती उठते, तोंडावर पाणी मारते आणि फोन घेऊन ओट्यावर बसते. हृषीकेशला आधी लावते. तो समजावायला सुरुवात करतो. ती त्याचं पूर्ण ऐकून घेते. मग एवढंच सांगते की वन्संचं तिकीट रद्द कर, माझं राहू दे. तो विचारतो, आई, तू एकटी करशील सगळं? ती म्हणते, भीती वाटतेच आहे रे, पण भाषा येते मला थोडी. मग ती सावंतांना फोन करते आणि बांद्याला एक दिवस वाढवायला सांगते. पिनांगचा कमी करा, ती म्हणते.

फोन खाली ठेवून ती ओले डोळे पुसायला पदर वर घेते. गालाला काहीतरी टणक लागतं.

पदराच्या टोकाला गाठ आहे. दोन वेढे, टोक खालून आत गेलेलं, आणि दातांत धरून ओढल्यासारखी कापडाची किनार एका जागी दबलेली. ती नखाने सोडवायचा प्रयत्न करते. गाठ जराही सैल होत नाही.