दाबलेलंच राहिलेलं बटण

आमच्या कॉलनीत कुणी ड्रिल घेतलं, कटर घेतलं, की आधी माझ्याकडे येतो. सर, काय काळजी घ्यायची? मी सांगतो. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा होतो आणि समोरचा मान हलवतो. हा मान मला कशामुळे मिळाला, ते सांगायचं मी सहा वर्षं टाळत आलो. पहिल्या वर्षी वाटलं, एवढ्यात कशाला. पुढे वाटलं, आता कशाला. मधे कधीतरी सांगायची वेळ येऊन गेली असणार, ती माझ्या लक्षात आली नाही असं म्हणणं सोयीचं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. वीज हा माझा हातखंडा विषय. स्विच, परिपथ, प्रवाह. फळ्यावर आकृती काढून मी शेकडो मुलांना सांगितलं असेल की स्विच लावलेला असेल तर परिपथ पूर्णच असतो, दिवा पेटत नसला तरी. निवृत्त झाल्यावर वर्ध्यातल्या घरी जिन्याखालच्या जागेत एक टेबल टाकलं आणि सुतारकाम करायचं ठरवलं. पुण्याच्या मुलाने लाकूड कापायचं कटर मशीन ऑनलाइन मागवून दिलं. सोबत सूचनांची पुस्तिका होती. आयुष्यभर मुलांना ‘आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा’ म्हणणाऱ्या मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

शिकवायला मिस्त्री होते. दोन गल्ल्या सोडून राहायचे. आमच्या घराच्या चौकटी त्यांनीच बसवलेल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, तरी रोज कुठे ना कुठे कामावर जायचे. करवत, रंधा, पटाशी, एवढ्यावर त्यांचं सगळं चालायचं. मशीनला त्यांनी कधी हात लावला नाही. कुणी विचारलं तर दोन्ही पंजे पुढे करत.

“मोजून घ्या. दहाच्या दहा हायेत. पन्नास वर्सं झाली लाकडात. हे आपलं सर्टिफिकेट.”

मी पहिला पाट केला तेव्हा ते त्यावर बसले, पुढे-मागे डुलले आणि म्हणाले, “सर, पाट हाये का झुला?”

“एक पाय जरा कमी झाला.”

“एक कमी नाई झाला. तीन जास्त झाले.”

मशीन शिकवायला मात्र कुणी नव्हतं. ते मी माझं मी शिकलो, म्हणजे वाचत वाचत शिकलो. इथे वाचणं म्हणजे पुस्तिका वाचणं नव्हे, जीव वाचणं. पहिल्याच आठवड्यात लुंगीवर काम करताना पात्याने लुंगीचं टोक धरलं आणि मशीन लुंगीसकट मांडीकडे निघालं. जाड शिवण पात्यात अडकली, म्हणून मशीन थांबलं. बायको बाहेर आली, फाटलेली लुंगी पाहिली आणि म्हणाली, “अहो, शाळेत कधी लुंगीवर गेला होतात का?” त्या दिवशी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं: सैल कपडे घालू नयेत. पुठ्ठा टेबलावरच्या भिंतीला लावला.

महिन्याभराने जुन्या दाराची फळी कापताना आत दडलेला खिळा लागला. ठिणगी उडाली, खिळ्याचा तुकडा कानाजवळून गेला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रुतला. पुठ्ठ्यावर दुसरी ओळ आली: जुनं लाकूड आधी तपासावं, चष्मा घालावा. मग एकदा फळी नीट टेकवली नव्हती म्हणून कापलेली चीर मिटली, पातं अडकलं आणि मशीनने उलटी उडी मारली. तिसरी ओळ. चौथी ओळ लिहिताना थोडी लाज वाटली, कारण त्या दिवशी मी फळीबरोबर मशीनची स्वतःची वायर कापली होती. विजेच्या मास्तराने. मिस्त्री ते दोन तुकडे हातात घेऊन पाहत राहिले.

“सर, मापात कापली हो. दोन्हीकडे बरोबर सारखी.”

असा तो पुठ्ठा भरत गेला. प्रत्येक नियम मी मोडून झाल्यावर लिहिलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र वाटायचं, सर किती पद्धतशीर.

या मशीनच्या मुठीत एक खटका असतो. तो दाबला की पातं फिरतं, सोडला की थांबतं. शेजारी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका दाबलेलाच राहतो, बोटाला आराम. म्हातारपणी बोटं दुखतात, म्हणून मी ते बटण नेहमी वापरत असे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी सागवानाची फळी कापत होतो. मिस्त्री स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. मध्येच लाइन गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती जातेच. पातं फिरत फिरत थांबलं. मी मशीन टेबलावर ठेवलं, “चहा घेऊ,” म्हणालो आणि आत गेलो.

“जा. मी पायतो तुमची फळी सरळ गेली का नाई ते,” मिस्त्री म्हणाले.

पुढचं मी पाहिलं नाही. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. मशीन बंद आहे, लाइन नाही, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच ते उचललं. सुतार माणूस करवत हातात आली की आधी दाते बोटाने चाचपतो, धार आहे की नाही बघायला. तसं त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी पात्याचे दाते चाचपले.

आत मला कळलं ते पंख्यावरून. पंखा फिरू लागला, शेजारचा टीव्ही बोलू लागला आणि जिन्याखालून मशीनचा आवाज आला. त्यात मिस्त्रींचा आवाज नव्हता. ते ओरडलेच नाहीत.

मी पोचलो तेव्हा मशीन जमिनीवर पडून गरगरत होतं आणि मिस्त्री उजव्या मुठीत डावा हात आवळून स्टुलावर परत बसले होते. मी प्लग खेचला. इथपर्यंत ठीक. यानंतर मी टॉवेल आणायला हवा होता. मी वाकलो, मशीन उचललं आणि बघितलं. बटण दाबलेलं होतं. जसं मी ठेवलं होतं तसं. मी खटका एकदा दाबून सोडला, ते बटण टक् करून बाहेर आलं, आणि मग मी टॉवेल आणायला गेलो.

फार तर तीन-चार सेकंद गेले असतील. मिस्त्रींनी डोळे मिटलेले होते. पाहणारा कुणी नव्हता.

बायको धावत आली. हाताला टॉवेल गुंडाळताना तिने मला विचारलं, “तुम्ही मशीन बंद करून गेला होतात ना?”

“हो.”

“मग सुरू कसं झालं?”

“उचलताना यांच्याकडून खटका दाबला गेला असेल. तेवढ्यात लाइन आली.”

मिस्त्रींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील.

“हो. दाबला गेला असन,” ते म्हणाले. “मले त्या मशीनचं काय समजते.”

डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. कॉलनीतही तेच बोललं गेलं, वर थोडी भर घालून: वय झालं मिस्त्रींचं, हात चुकला. सरांनी तर भिंतीवर नियम लावून ठेवले होते.

बोटांचं मिस्त्रींनी फार केलं नाही. जखम भरल्यावर ते चिमटीत खिळा धरून दाखवायचे. पण कामाला गेले नाहीत. कुणी चौकट बसवायला बोलावलं तर म्हणायचे, “नाई बाप्पा. आता माह्या हाताचा भरोसा नाई. बटन दाबलं आन् मलेच पत्ता नाई. उद्या पटाशी कुठं चालन, कोन सांगे?”

हे ऐकताना मी बाजूलाच बसलेलो असायचो. पन्नास वर्षं ज्या हाताने दगा दिला नाही, तो दगा देतो असं या माणसाला मी पटवून दिलं होतं, तेही एका वाक्यात. शाळेत एवढं प्रभावी शिकवणं मला कधी जमलं नाही. महिन्याभराने त्यांनी आपला रंधा आणि दोन पटाश्या एका गोणपाटात बांधून माझ्याकडे आणून दिल्या. “तुमी शिकून राह्यले, तुमाले कामी येतीन.” मी घेतल्या. नको म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

त्यानंतर ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत मला बोलायला बोलावलं. विषय होता, घरातली यंत्रं आणि सुरक्षितता. मी पुठ्ठा सोबत नेला. पहिल्या रांगेत मिस्त्री होते. त्यांना मीच आणलं होतं असं नव्हे, पण येऊ नका असंही म्हणालो नाही. मी लुंगी, खिळा, वायर सगळं रंगवून सांगितलं. लोक हसले. शेवटी मिस्त्री स्वतःहून उठले आणि हात वर करून म्हणाले, “आन् हे पाहा. मशीन उचलाच्या आधी बटन पाहा. मी नाई पाह्यलं.” टाळ्या पडल्या. त्यातल्या काही मला होत्या.

पुठ्ठ्यावर सोळा नियम आहेत. लाइन गेली तर आधी बटण सोडवावं आणि प्लग काढावा, हा नियम त्यात नाही. माझे सगळे नियम माझ्या चुकांतून आले हे बायकोला ठाऊक आहे. सतरावा लिहिला असता, तर तो कुठून आला हे तिने विचारलं असतं.

दोन वर्षांनी मिस्त्री नाचणगावला मुलीकडे राहायला गेले. मी ठरवून गेलो. पुलगावपर्यंतच्या बसमध्ये वाक्य घोकलं, तिथून ऑटोत पुन्हा घोकलं. ते अंगणात खाटेवर होते. मुलीने चहा दिला आणि आत गेली. याहून चांगली संधी कुणाला मिळत नाही.

“मिस्त्री, एक सांगायचं होतं.”

“सांगा ना.”

“तुमचा रंधा अजून छान चालतो.”

“चालनच. हात चांगला पायजे,” ते म्हणाले आणि खुश झाले. आम्ही पावसावर बोललो, गुडघ्यांवर बोललो. चारच्या बसने मी परत आलो. असा मी तीनदा गेलो. दुसऱ्यांदा जावई घरी होते. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं, म्हणून त्या खेपेला कारण शोधायला जास्त वेळ लागला.

गेल्या थंडीत ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, “काका, बाबा नेहमी म्हनत, सरांच्या घरी माह्या चुकीनं लय गोंधळ झाला. सर बिचारे तवापासून मोकळे बोलत नाईत. एकदा माफी मागाले पायजे त्यायची.”

मी तिला म्हणालो, “छे, छे. त्यात काय एवढं.”

बसमध्ये घोकलेलं वाक्य लांब नव्हतं. तीन खेपा आणि एक दुखवट्याची भेट, चारही वेळा ते तोंडाशी येऊन गेलं. ते असं होतं: मिस्त्री, ते बटण मी दाबलेलंच ठेवून आत गेलो होतो आणि तुमचं रक्त वाहत असताना मी आधी ते सोडवलं, तुमचा हात चुकला नव्हता, तो कधीच चुकला नव्हता, मला माफ करा.